इंजिनावरचं कुंकू

योगिनी,

मी करमाडला तुझ्या मावशीकडं चाललेय, संध्याकाळी येईन. भाजी कढईत आहे, भाकरी डब्यात.

पुण्याचं गिऱ्हाईक अकराला येईल. बाबांचं वाफेचं छोटं इंजिन तूच त्याच्या हातात दे, मला समोर थांबायचं नाय. असला नमुना आता बनत नाय, म्हणून हौशी लोकांत दरवर्षी भाव चढतोय, हे तूच मला दहादा सांगितलंस. खोकंही दे. जुन्या खोक्याला लई मान आहे म्हणे.

बाबा दर दसऱ्याला इंजिनावर कुंकवाचं बोट ओढायचे. त्या माणसानं फोनवर सांगितलं, कुंकू निघून खालचा मूळ रंग दिसला तर अजून जास्त देईन. म्हणून सकाळी ओल्या फडक्यानं पुसलं. रंग शाबूत आहे, हिरवागार. फडकं गॅलरीत वाळत घातलंय, ते धुऊ नको.

बाबा गेल्यापासून मी कुंकवाला हात लावला नव्हता. आज लावला, तो त्यांनी लावलेलं पुसायला.

आई