पट्टी सुटायच्या आधीची उपकारस्तुती

मंगळ. ५ फेब्रु. ७४
शांतवनच्या उजव्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला. कंपनीत, ग्राइंडरवर. देवा, तू कुठं होतास? दर रविवारी पहिल्या बाकावर बसते मी, पोराची शिफ्ट तुला ठाऊक न्हवती? नमस्कार-चमत्कार मागनं. आधी हे सांग.
घरात बोलले की सून रडते. म्हणून नातीच्या, रूथच्या, जुन्या वहीत लिहिते. अक्षर वाकडं हाय, तुला वाचता येईल.

गुरु. ७
ऑपरेशन झालं. दोन्ही डोळे बांधलेत. चांगला डोळा हलला की दुखरा बी हलतो म्हणे. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या शनिवारी पट्टी काढू, तेव्हाच कळेल."
मशीनवर घालायचा चष्मा गळ्यात होता, डोळ्यावर न्हाई. काच धुरकट झालेली म्हणे. मी म्हटलं, पुसायला हात न्हवते? सून सुशीला म्हणाली, "आत्या, आता तरी नका बोलू." बरं.

रवि. १०
चूक झाली. लिहूनच टाकते.
चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपदेश केला, चिंता देवावर टाका, मिळालंच असं समजून आधीच आभार माना. सगळ्या बाया वळून माझ्याकडं बघाय लागल्या, तोंडं एवढीशी करून. जशी मी मयताला बसलेय. डोकं फिरलं. साक्षीच्या वेळेला, देवानं काय केलं ते जो तो सांगतो तवा, उठले नि म्हटलं, "शनिवारी पाच वाजता माझ्या घरी उपकारस्तुतीची सभा. समद्यांनी यायचं."
आमच्यात डोळा बरा झाल्यावर उपकारस्तुती करतात, देवाचे आभार मानाय. आधी न्हाई. खाली बसले. पाळकसाहेब खोकले.

सोम. ११
शांतवन घरी आला. भिंत चाचपत. रूथनं बाहुलीच्या डोळ्याला रुमाल बांधलाय.
सभेचं कळलं तसा भडकला. "कुणाला इचारून ठेवलीस?"
"देवाला."
"तो काय म्हणाला?"
पोरगं माझ्यावरच गेलंय.

बुध. १३
प्रार्थनेला बाया आल्या. एकीनं अर्धा तास देवाला ग्राइंडर समजावून सांगितला. चहा निवला. जाताना म्हणे, "काळजी करू नका हो." काळजी काय मी हौसेनं करते? सकाळी त्याच्यावर टाकते, दळण घेऊन येईस्तोवर परत माझ्याच डोक्यावर.
शनिवारच्या चहाला साखर पुरायची न्हाई. रेशनची संपली. शेजारची हमीदाबी वाटी घेऊन आली. तिच्या नवऱ्याचं गॅरेज हाय, बाकं बी तिथली देते म्हणाली. हसली मात्र. "आजी, पट्टी सुटायच्या आधीच दावत?"
"व्हय. तुला काय?"
"मला काय. मी बी दुआ मागितलीय. दोन्हीकडनं अर्ज गेला."

शुक्र. १५
दुपारी भाकर मोडून शांतवनच्या हातात देत होते. एकदम म्हणाला, "आई, न्हाई दिसलं तर? मशीनवर कोण उभं करील मला?"
मी म्हटलं, गप जेव. त्यानं हात धरून ठेवला माझा. भाकरीसकट.
मंग मोरीत जाऊन तुला जे बोलले ते इथं लिहीत न्हाई. ते तू ऐकलंस.

शनि. १६, सकाळ
शांतवन नि सुशीला कासारवाडीहून गाडीनं पुण्याला गेली. मी म्हटलं, घरी कामं हायत. खोटं. पट्टी सुटताना त्याचं तोंड मला बघवायचं न्हाई.
आज काही मागितलं न्हाई. फकस्त तुला म्हटलं, बस इथं, मी तांदूळ निवडते.
अर्धं सूप झाल्यावर ध्यानात आलं, तासभर छातीत धडधडलं न्हाई. याला विश्वास म्हणतात का मी नुसती दमले, ठाऊक न्हाई. इचारायचं बी न्हाई कुणाला.

शनि., साडेचार
तीनची गाडी गेली. चारची गेली. दोघांचा पत्ता न्हाई. हमीदाबीनं बाकं मांडली, वर ऑइलचे डाग, त्यावर माझं लुगडं अंथरलं. गल्लीच्या तोंडाशी पाळकसाहेबांची सायकल वाजली. मागं बाया दिसतात, चांगली लुगडी नेसून.
सभा व्हणार. डोळा बरा झाला तर त्याबद्दल, न झाला तर उरलेल्या डोळ्याबद्दल. दातओठ खाऊन का व्हईना, आभार मानीन. तेवढं माझ्याकडं लागलं.
पण शांतवन दारात येऊन उभा राहिला नि "का" म्हणाला, तर मी तोंड उघडायची न्हाई. पाळकसाहेबांनी बी उघडायचं न्हाई, त्यांना मी आधीच दटावते. त्याला उत्तर तू द्यायचं. तू सोता.
मी चहाचं बघते.