मेंदूची साइड

५ मे, सोमवार
बारावीचा निकाल. नात श्रेया, एकोणनव्वद टक्के. बुद्धी माझ्याकडून गेलीय. आमच्या लालबागच्या चाळीत रीत आहे: निकाल लागला की पोर पेढे घेऊन माझ्याकडे येतं. पेढा कसा देतं ते मी बघतो आणि साइड सांगतो. मोजून देईल त्याला बँक, सांडेल त्याला आर्ट्स. गिरणी बंद पडल्यापासून हेच करतोय. शाळा सातवीपर्यंत, पण वाचन दांडगं. श्रेयाने पेढा अर्धा करून दिला. बँक! जाहीर करून टाकलं.
ती म्हणाली, आबा, मी न्यूरोसायन्स घेणारेय.
अर्धा पेढा घशात अडकला.

६ मे
चौकशी केली. न्यूरोसायन्स म्हणजे डिग्री होईपर्यंत नुसता मेंदू. शी! बाकीच्या शरीराने काय घोडं मारलंय? मुलगा अवधूत म्हणतो, बाबा, हल्ली त्यालाच डिमांड आहे, सीटसाठी मारामारी चालते. मारामारी म्हाडाच्या लॉटरीलाही चालते. म्हटलं, तू गप्प बस.
ठरलं. रविवारच्या आत पोरगी बँकेच्या साइडला.

७ मे
प्रेमाने घेतलं. फणसाचे गरे आणले, तिला आवडतात. म्हटलं, बयो, जे दिसत नाही ते शिकून काय करणार? म्हणाली, तुम्हाला एवढा राग कुठून येतो ते शोधणार. मला कुठे राग आला? आवाज चढला तो गरे संपले म्हणून.
वर म्हणते, चाळीतल्या निलेशकाकाला तुम्हीच टायपिंगला घातलंत ना? घातलं. पुढे टायपिंग बुडालं, त्यात सल्ल्याचा काय दोष?

९ मे
शेजारच्या सीमाचा सम्यक यंदा बारावीला जाईल. गॅलरीत गाठून सांगितलं, आयटीआय कर, फिटर हो. सगळं ऐकून मान डोलावली. कानात ते पांढरं यंत्र होतं, पण मान डोलावली.

११ मे, रविवार, सकाळ
जालीम उपाय सुचलाय. खाटकाकडून बोकडाचा अख्खा भेजा आणला. ताटलीत घालून श्रेयापुढे सरकवणार. बघ बाई, हे शिकायचंय तुला. तोंड फिरवेल, विषय संपेल. मानसशास्त्र आहे हे, आपण वाचलेलं.

दुपार
किंचाळली. आनंदाने. गळ्यात पडली, आबा, यू आर द बेस्ट! टूथपिक घेऊन बसली: हा भाग तोल सांभाळतो, या इथे आठवणी. चाळीतली पोरं दारात जमली. सम्यक पुढे, यंत्र कानातून काढून. म्हणतो, आबा, पुढच्या रविवारी दोन आणा ना.
मीच लिंबू चोखत आडवा झालो. सून कालिंदीने तोच भेजा मसाला लावून तळला, पोरांनी ताटली चाटली. काय किळसवाणी पिढी! मी वरणभात खाल्ला.
पण संध्याकाळी श्रेया जरा गप्प होती. डगमगतेय.

१४ मे
अ‍ॅडमिशन घेतली. न्यूरोसायन्स. घरात कुणाला लाज नाही, कालिंदी तर मेसेज करून सगळ्यांना कळवतेय.
असो. घरचं पोर घरच्याचं ऐकत नाही, ही केसच वेगळी. चाळ अजून माझ्या शब्दात आहे.

१८ मे, रविवार
सकाळीच सीमा दारात. म्हणाली, सम्यकच्या पुढच्या शिक्षणाचं विचारायचंय. म्हटलं ना, येतील! तिला खुर्ची दिली, खुंटीवरचा सदरा चढवला, चष्मा पुसला, खाकरलो. सुरुवात केली, हे बघ सीमा, दोन वर्षं फिटर...
ती म्हणाली, तुम्ही बसा हो आबा, तुम्हाला कशाला त्रास? श्रेया झोपलीय का? तेवढी उठवता?
उठवली. चहाही मीच टाकला.