तुझं अक्षर मला आलं नाही

आई, आज लॅबमध्ये नव्या मुलांना दादाच्या थॅलेसेमियाचा जीन दाखवला. दादाचं नाव अर्थातच घेतलं नाही. ऑनलाइन डेटाबेसमध्ये जीनचं नाव टाकलं की पडद्यावर एक लांब आडवी रेघ येते आणि तिच्यावर ठिपकेच ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे कुणा ना कुणा माणसात जीनच्या अक्षरमालेत सापडलेला एक बदल. निरुपद्रवी बदल गाळले की आजाराचे तेवढे लाल उरतात. दादाला त्यातले दोन मिळाले होते, एक तुझ्याकडून, एक बाबांकडून. मी तुझ्या ठिपक्यावर क्लिक केलं. "मॅडम, एवढंच? एकाच अक्षराचा फरक?" एका मुलीने विचारलं. "एकाच," म्हणाले आणि पुढे शिकवत राहिले.

दर महिन्याला तू दादाला घेऊन मांजरीहून बसने शहरात जायचीस, रक्त चढवायला. येताना सदाशिव पेठेतल्या बेकरीतून क्रीमरोल. माझ्यासाठीही आणायचीस, खोटं कशाला बोलू. पण तुमचे तुम्ही बसमध्ये शेजारी बसून खाल्लेले असायचे आणि माझा पिशवीत दबून चपटा झालेला. ओट्याला टेकून मी तो खातेय आणि तुम्ही दोघं नर्सच्या कसल्याशा बोलण्यावर हसताय. काय झालं, मी विचारते. "तुला नाही कळायचं, तिथे असायला हवं होतंस," दादा म्हणतो. एकदा मी सकाळी उठलेच नाही, अंग दुखतंय म्हणाले. तू कपाळाला हात लावलास. "काही झालेलं नाही तुला. देवाची कृपा म्हण आणि ऊठ." तो हात मला अजून थोडा वेळ हवा होता.

दादा गेल्यावर वर्षाने माझं लग्न ठरलं, तेव्हा रक्त तपासलं. आजार तर नाहीच, पण तो पुढे नेणारा तुझा किंवा बाबांचा दोषही माझ्यात नव्हता. "सुटलीस गं बाई," म्हणत तू पदराने डोळे पुसलेस. मला वाटलं, तुझ्यातलं हेही त्यालाच दिलंस.

आज मुलं गेल्यावर मी माझाच जीन उघडला. नवं मशीन आलं तेव्हा चाचणीसाठी माझं रक्त दिलं होतं. तुझ्या ठिपक्याच्या जागी माझं अक्षर चारचौघांसारखं, बाबांच्याही. दोन मुलींची आई आहे मी, मला आनंद व्हायला हवा, आणि तो आहेही. तरी दोन्ही जागा मी पुन्हा तपासल्या, आणि तपासताना कुठेतरी आशा होती. तू असतीस तरी हे पत्र तुझ्या हाती दिलं नसतं.