मोटारसायकलीमागची ट्रॉली

।। श्री ।।

लष्कर, ग्वाल्हेर
१२ जानेवारी २०२५

सौ. वंदनाताई यांस,
स. न. वि. वि.

फोन असताना ही बाई कागद का खराब करते आहे, असं मनात येईल. पण आपला फोन कसा होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मी विचारते कशा आहात, तुम्ही म्हणता ठीक, मग दोघी गप्प, आणि शेवटी कोणीतरी म्हणतं की ठेवते हं. परीक्षित गेल्यापासून हे असंच चाललं आहे. शिवाय जे लिहायचं आहे ते शमिकेच्या कानावर जायला नको.

इकडे सर्व कुशल. यशवंतरावांचा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि गुडघ्याहून ते स्वतः जास्त. तिळाचे लाडू कुरियरने पाठवले आहेत. गेल्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात की विहिणीच्या लाडवांनी दात पडले तर खर्च कोणी द्यायचा. यंदा पाक मऊ ठेवलाय.

आता मुद्द्याचं. आमच्या घराजवळच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई निवृत्त होत आहेत. मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या. शमिकेचं बी.एड. झालेलं आहे, म्हणून जूनपासून तिला घ्यायला त्या तयार आहेत. उत्तर मात्र पाडव्याच्या आत हवं. मी शमिकेला दोनदा विचारलं. ती म्हणते, आई-बाबांना सोडून कशी येऊ. तिचे आई-बाबा म्हणजे तुम्ही दोघं हो, आम्ही नव्हे.

वंदनाताई, माझ्या सांगण्याने ती निघणार नाही. तुम्ही जा म्हणालात तरच निघेल. तुमचा मुलगा गेला आणि मी वर तुमची सून मागते आहे. हे किती मोठं मागणं आहे ते मला कळतं. पण ती अजून तिशीत आहे. त्या घरात किती वर्षं काढील?

नरहररावांना नमस्कार. या पत्राचा राग आला तरी लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची,
मंदाकिनी

—

।। श्री ।।

सोनागिरी, भोपाळ
२७ जानेवारी २०२५

सौ. मंदाकिनीताई यांस,
स. न. वि. वि.

पत्र आणि लाडू मिळाले. दात शाबूत आहेत.

राग आला नाही. खरं सांगायचं तर सध्या मला काहीच येत नाही. दाढ काढताना भूल देतात आणि मग आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं झालंय. स्वयंपाक होतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, लोक येतात, परीक्षितचा विषय निघाला की डोळे पुसतात. मी त्यांना पाणी देते. गणपतीत तो गेला तेव्हा रडले असेन, आता आठवत नाही. तेव्हापासून एकदाही नाही.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. शमिकेला मी सांगेन. पाडव्याच्या आत सांगेन.

तूर्तास घरात एकच विषय आहे, ट्रॉली. परीक्षितचं काम तुम्हाला माहीत आहेच, आजारी माणसांसाठी पलंग, चाकाची खुर्ची, वॉकर भाड्याने घरपोच द्यायचे. ते आता शमिका बघते. सामान न्यायला विजयचा लोडिंग ऑटो होता, पण तो गावी गेला तो परतलाच नाही. दुसरे ऑटोवाले भाव अव्वाच्या सव्वा सांगतात आणि वेळेवर येत नाहीत. म्हणून शमिकेने काढलंय की मोटारसायकलीच्या मागे छोटी ट्रॉली जोडायची.

आमच्या ह्यांना तेवढंच हवं होतं. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर इतके दिवस ज्या माणसाने स्क्रू पिळला नाही, तो आता टेप घेऊन व्हरांड्यात उकिडवा बसतो. एका चाकाची घ्यावी तर गल्लीबोळात शिरते, पण गाडी कलली की तीही कलते. दोन चाकांची घ्यावी तर पलंग सपाट राहतो, पण रुंदी वाढते. जेवताना हेच, चहाला हेच. दुसरं काही आम्ही तिघं बोलत नाही. इंदूरला एक तयार मिळते, ती पाहायला हे आणि शमिका जाऊन आले. ह्यांना पसंत होती. शमिका नको म्हणाली. तिचा तळ उंच आहे, सामान उचलून चढवावं लागेल. तिला तळ खाली हवा आणि मागे उतरती फळी, म्हणजे चाकांवरचा पलंग नुसता ढकलून आत जाईल. आता गोविंदपुऱ्यातल्या एका वेल्डरकडून करून घेणार आहेत.

यशवंतरावांच्या गुडघ्याला गरम मिठाची पुरचुंडी लावा. आहे तशी माया राहू द्या.

तुमची,
वंदना

—

।। श्री ।।

ग्वाल्हेर
१९ फेब्रुवारी २०२५

सौ. वंदनाताई यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात ट्रॉली फार आणि शमिका थोडी. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात, त्यात आता ट्रॉली पाहावी ओढून एवढं जोडायला हवं. नकटीच्या लग्नाला नसतील एवढी विघ्नं तुम्ही त्या वेल्डरपुढे उभी केलीत, असं शमिका फोनवर सांगत होती. आधी चाकं लहान झाली, मग रंग चुकला, मग नरहररावांनी आख्खा सांगाडा कापून चार बोटं खाली आणायला लावला म्हणे. हसले मी. पण हसता हसता वाटलं, पोरगी जून सोडून पुढच्या वर्षांच्या कामाची तयारी करते आहे. नव्या ट्रॉलीत जीव गुंतला की ती हलायची नाही.

आणखी एक. ती म्हणाली की ट्रॉली अडकवायचा आकडा परीक्षितच्या मोटारसायकलीला न बसवता नरहररावांच्या जुन्या गाडीला बसवलाय. का, ते विचारलं तर तिने विषय बदलला.

भूल दिल्यासारखं वाटतं म्हणालात, माझं उलटं आहे. माझा जावई होता तो. मी देवापुढे बसून मोठ्याने रडते आणि यशवंतराव टीव्हीचा आवाज वाढवतात. तुम्हाला रडू येत नाही म्हणून तुमचं दुःख कमी, असं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

पण सांगितलंत का तिला? मुख्याध्यापिका परवा देवळात भेटल्या तेव्हा पुन्हा विचारत होत्या. पिच्छा पुरवते म्हणून तुटक होऊ नका.

तुमची,
मंदाकिनी

—

।। श्री ।।

सोनागिरी, भोपाळ
१६ मार्च २०२५

सौ. मंदाकिनीताई यांस,
स. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. ट्रॉली आली. निळी आहे. कागदपत्रांचं जे काय असतं ते ह्यांनी कचेरीत खेटे घालून पुरं केलं.

आकड्याचं तुम्ही विचारलंत. परीक्षितच्या गाडीला भोक पाडायला तिचा हात होत नसेल, असं मी धरून चालले. मीही विचारलं नाही. ती गाडी अजून झाकून ठेवलेली आहे.

पहिल्या दिवशी दसरा मैदानावर गव्हाची पोती टाकून ओढून पाहिली. ह्यांनी पोती मागच्या बाजूला रचली. जरा वेग घेतला तर ट्रॉली अशी शेपूट हलवायला लागली की हे गाडीसकट कडेला जाऊन थांबले. मग पोती चाकांच्या थोडी पुढे सरकवली, तशी ती शहाण्यासारखी मागे आली. मागे घेताना तर गंमतच. हँडल डावीकडे वळवलं की ती उजवीकडे जाते. शमिकेने ह्यांच्याकडून हे सगळं पुन्हा पुन्हा करून घेतलं. स्वतः कमी चालवली. मलाही सोडलं नाही. आकड्यात खिटी कशी घालायची, साखळी कशी अडकवायची, फळीवरून पलंग ढकलताना पाय कुठे ठेवायचा, सगळं शिकवलं. माझं मन रमावं म्हणून करते आहे, हे मला कळतं. गोड आहे पोर.

परवा पहिला खराखुरा पलंग पोचवला, चार इमली वस्तीत, एका बड्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर. त्यांची आई अंथरुणाला खिळली आहे. शमिका चालवत होती, मी मागे. तुमची विहीण या वयात मोटारसायकलीवर बसून ट्रॉलीवर लक्ष ठेवते, हे यशवंतरावांना सांगा. वाटेत एका ट्रॅफिकवाल्याने अडवलं. मला वाटलं आता पावती फाडणार. त्याने पलंग पाहिला, घरी कोण आजारी आहे विचारलं, आणि गावाकडे त्याच्या वडिलांना असाच पलंग हवाय म्हणून आमचा नंबर लिहून घेतला.

बंगल्यावर त्या अधिकाऱ्याच्या बायकोला पलंग कसा वापरायचा ते कळेना. शमिका मला म्हणाली की आई, तुम्ही झोपून दाखवा. मी झोपले. ती पायथ्याशी वाकून हँडल फिरवायला लागली, तसं माझं डोकं हळूहळू वर आलं आणि ती समोर दिसायला लागली. तिच्या भांगाजवळ पांढरे केस आले आहेत. मला अगोदर दिसलेच नव्हते. परक्यांच्या खोल्यांतून हँडलं फिरवत ही म्हातारी होईल, आणि ते आमच्यासाठी होईल, असं माझ्या मनात आलं.

म्हणून परत येताना, हबीबगंजच्या पुलावर, मी तिच्या पाठीमागून सांगितलं. तू जूनमध्ये ग्वाल्हेरला जा, आमची काळजी करू नकोस, असं म्हणाले. ती काहीच बोलली नाही. हेल्मेट होतं, वारा होता, बाजूने बस जात होती. तिला ऐकू गेलं नसावं. घरी आल्यावर पुन्हा सांगायची माझी छाती झाली नाही. मंदाकिनीताई, तिला ऐकू गेलं नाही याचं मला बरं वाटलं. ती गेली तर या घरात आम्ही दोघं, आणि आम्हाला एकमेकांशी बोलता येत नाही.

पाडव्याला थोडे दिवस आहेत. पुन्हा सांगेन. मला समजून घ्या.

तुमची,
वंदना

—

।। श्री ।।

ग्वाल्हेर
२२ मार्च २०२५

सौ. वंदनाताई यांस,
स. न. वि. वि.

तिला ऐकू गेलं होतं.

त्याच संध्याकाळी तुमच्या गच्चीवरून तिने मला फोन केला. म्हणाली की आई पुलावर बोलल्या ते शब्द न् शब्द ऐकलं, पण मान वळवली असती तर गाडी हातातून सुटली असती. मग खूप रडली. मी तिला रडू दिलं.

आता जे लिहिते ते तुम्हाला कळवू नको अशी तिने मला शपथ घातली आहे. ती मोडते. दोघी अशाच एकमेकींना जपत राहिलात तर शाळेतली जागा हातची जाईल. मध्ये तोंड घालणं हे विहिणीचं कामच आहे.

तिला दिवाळीपासूनच यायचं होतं. त्या घरात तिचा जीव गुदमरतो. पण तिने जाते म्हटलं असतं तर काम बंद पडलं असतं. मग नरहरराव एका खोलीत आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत, भिंतीकडे बघत बसला असता. म्हणून ट्रॉली. ती तिच्यासाठी नाहीच वंदनाताई, तुमच्यासाठी आहे. तळ खाली हवा तो तुमच्या कंबरेसाठी. फळी हवी ती तुम्हाला उचलावं लागू नये म्हणून. आकडा नरहररावांच्या गाडीला, कारण ओढायची त्यांना आहे. मी इकडे ती तुमच्यात गुंतत चालली म्हणून धास्तावले होते, आणि ती बिचारी गाठी सोडवत होती.

नरहररावांनी म्हणे इंदूरहून परतताना गाडीत तिला एकच विचारलं, की ही कोणासाठी घ्यायची, तुझ्यासाठी की आमच्यासाठी. तिने मान खाली घातली. त्यानंतर ते त्यावर बोलले नाहीत, फक्त सांगाडा चार बोटं खाली आणायला लावला.

तुमच्या तोंडावर जाते म्हणायचा तिला धीर होत नाही. आता तुम्हीच काय ते करा. शपथ मोडल्याचं पाप माझं, तुमचा लोभ तेवढा तिच्यावरचा ढळू देऊ नका.

तुमची,
मंदाकिनी

—

।। श्री ।।

सोनागिरी, भोपाळ
९ जून २०२५

सौ. मंदाकिनीताई यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र मिळेल तेव्हा शमिका तुमच्याकडे रुळली असेल. मागचं पत्र आलं त्या दिवशी काय झालं ते तिने सांगितलं असेलच. ती आकड्याला ग्रीस लावत होती. मी जाऊन शेजारी बसले. माझ्या हातातलं पाकीट पाहून तिने विचारलं की आईचं का, मी हो म्हटलं. मग तिने ग्रीसचा डबा माझ्याकडे दिला आणि उरलेलं मी लावलं. एवढंच. दुसऱ्या दिवशी तिने शाळेला होकार कळवला.

आमचं काम चाललं आहे. हे चालवतात, मी मागे बसते. ट्रॅफिकवाल्याच्या वडिलांचा पलंगही पोचला. घरी आल्यावर पुढच्या फेरीचं बोलणं होतं. फार नाही, पण होतं.

काल सकाळी तिची ओटी भरली. नवरा गेलेल्या बाईची भरत नाहीत म्हणतात. मी कोणाला विचारलंच नाही. तिचं सामान ट्रॉलीतून न्यायचा ह्यांचा हट्ट. बॅगा, पुस्तकांचे खोके, सगळं स्वतः रचलं, दोरी तीनदा आवळली. पुढे हे, मागे ऑटोत आम्ही दोघी. स्टेशनचं नाव बदललं तरी ऑटोवाल्याला हबीबगंजच सांगावं लागतं. गाडी सुटायच्या वेळी ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले की एवढं वजन होतं, पण ट्रॉली एकदाही हलली नाही.

परतताना मी ह्यांच्या मागे बसले. रिकामी ट्रॉली फार वाजते हो. खड्ड्याखड्ड्याला उडत होती, पत्रा नुसता खणखणत होता. त्या आवाजात मी रडायला लागले आणि सोनागिरीपर्यंत थांबलेच नाही. ह्यांनी मागे वळून पाहिलं नाही. घर मागे टाकून उगाचच आणखी एक फेरी मारली, माझं संपेपर्यंत.

शमिका सकाळी उठल्या उठल्या खात नाही, तिला आग्रह करू नका. रात्री दिवा चालू ठेवून झोपते, तो मालवू नका. परीक्षितचं नाव तिने काढलं तर ऐका, आपण होऊन काढू नका. एखाद्या दिवशी नुसती बसून राहील. राहू द्या.

लग्नात पाठवणीच्या वेळी तुम्ही माझे दोन्ही हात धरले होतेत. मुलीची आई विहिणीला म्हणते तेच म्हणाला होतात, आणि सगळ्या विहिणी डोलावतात तशी मी मान डोलावली होती. आता माझी पाळी आली. मंदाकिनीताई, पोर आमची आहे. सांभाळून घ्या.

तिच्या निमित्ताने आमच्यावरही जीव असू द्या.

तुमची विहीण,
वंदना