शुक्रवारचं पाणी

११ मार्च २००७

प्रिय अनीसा,

तुझं पत्र काल बोटीनं आलं, तेवीस दिवसांनी. निकाहाची तारीख पक्की झाली, बाळापूरचे लोक समजदार आहेत, वाचून बरं वाटलं. पण शेवटी एका ओळीत तू लिहिलं, की दावतीच्या यादीतून अब्बानं खुशालकाकाचं नाव काढायले लावलं. कालपासून तेच डोक्यात फिरून राहिलं. ज्या माणसानं तुले खांद्यावर बसवून शाळेत नेलं, तो शेजारच्याच वावरात, अन् तुझ्या दावतीले नाही.

फोन केला असता, पण या बेटावर एकच फोन, मागं वीस जण कान लावून उभे. म्हणून लिहितो. सातवीपर्यंतचंच मराठी आहे माझं, हसू नको.

समुद्र कसा आहे म्हणून विचारलं. आता पाहवत नाही. सकाळी उठलं की तोच, जेवताना तोच. सुनामीत त्यानं ज्यांची घरं नेली त्यांच्यासाठी आमी टिनाची घरं बांधून राहिलो. कपडे वाळत नाहीत, वाळले तं मिठानं कडक होतात. मागच्या महिन्यात आठ दिवस तापानं पडलो होतो, हे अम्मीले वाचून दाखवू नको. आधी सळ्या वाहत होतो. तापानंतर मुकादमानं हलकं काम दिलं, घरांच्या पायाच्या ताज्या सिमेंटवर पाणी मारायचं. दिवसभर हातात पाईप. मुकादम हसून म्हणतो, पाणी द्यायले तुझ्यासारखा दिलदार माणूस पाहिला नाही. बाकीचे खिदळतात. मले आपली संत्र्याची बाग आठवते, अन् हात जड होतो.

तुले तो मे महिना आठवत असंल, तू नववीत होती. मृगाच्या बहारासाठी अब्बानं बाग ताणावर सोडली होती. महिनाभर झाडाले थेंब द्यायचा नाही, तहानलं की मगच ते फुलते. पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या. अन् एका शुक्रवारी बागेत पाणी शिरलं. पाऊस पडला तेव्हा झाडं हिरवीगार झाली, नुसती पालवी, फूल एक नाही. सामाईक विहिरीवर त्या शुक्रवारी खुशालकाकाची पाळी, त्याच्या केळीले पाणी नेणारा दांड आपल्या धुऱ्याच्या बांधालगतचा. ओली माती पाहून अब्बानं त्याले तिथंच धरलं, काहून रे खुशाल, माझी झाडं तुले पाहवली नाहीत का? तवापासून दोघं एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जातात. पुढच्या साली विहीरच आटली, बाग तशीही तोडावी लागली. पण अब्बाच्या मनात तो शुक्रवारच राहिला.

अनीसा, दांड मी फोडला होता. अब्बा जुम्म्याच्या नमाजले परतवाड्याले गेले होते, काका घरी जेवायले. मले ती पानं पाहवली नाहीत. वाटलं, थोडं पाणी दिलं तं काय होते? तहानलेल्याले पाणी पाजून सवाब कमावून राहिलो असंच वाटलं मले. अब्बा ओरडत होते तेव्हा मी बाजूलेच उभा होतो, घोट्यापर्यंत चिखल. काका शपथा घेत होता. मग त्याची नजर माझ्या पायावर गेली. शपथ अर्धीच सोडून अब्बाले म्हणाला, फुटला असंल सत्तार, माझंच लक्ष नव्हतं. मी काहीच बोललो नाही. इतक्या दूर आलो तरी अजून बोललो नाही.

दरवेळेस अब्बाले पत्र वाचून दाखवताना तू माझी दुखणी गाळते. या खेपेला एक अक्षर गाळू नको, तापाचंही वाच. निकाहाआधी काकाले ओसरीवर बोलाव, दोघांना समोर बसव, मगच हे पत्र वाच. अब्बा काय म्हणाले ते लिही. काहीच बोलले नाहीत, तं काकाले चहाचा कप कोणाच्या हातानं दिला, तेवढंच लिही.

तुझाच, चिखलाच्या पायाचा भाई,
मोईज