एक किलोमीटरच्या आत

१४ जानेवारी
आज व्हेटर्नरी कॉलेजच्या शेडमध्ये पट्ट्या सोडल्या. कोंबडीच्या पायाचं बोट वाकवणारी नस (टेंडन) कापून आम्ही परत शिवली होती. अर्ध्या जणींना नुसते टाके, अर्ध्या जणींना टाक्यावरून जेलचा पातळ पापुद्रा. नुसत्या टाक्यावाल्यांचं बोट लाकडासारखं ताठ. शिवलेली नस आजूबाजूच्या मांसाला चिकटते, रोग सगळा तिथंच. जेलवाल्या मात्र दांडीवर बोटं आवळून आरामात बसल्या!! दोनदा डोळे पुसून पाहिलं.

डॉ. ताम्रकार (हाताचे सर्जन, मूळ कल्पना त्यांची) फोनवर नाचायचेच बाकी. "विशाखा, महीना भर और सम्हाल लो इन लड़कियों को." महिन्यानं नसा काढायच्या, मशीनवर ओढून ताकद पाहायची. मग माणसाच्या हातावर करायची परवानगी मागायची.

घरी सांगितलं नाही. प्रशांतचा उजवा हात जेवताना मांडीवर, डाव्यानं खाणं. प्लांटमधल्या पत्र्यानं कापला त्याला वर्ष होत आलं. टाके चांगलेच पडले होते. दोन बोटं वाकत नाहीत. तिशीतल्या भावाच्या शर्टाची बटणं आई लावते, आणि दोघंही तेव्हा दुसरीकडे पाहतात.

१७ जाने.
फुलबासन आज सुट्टी मागत होती. शेडमधलं दाणापाणी, झाडू, औषधाचं पाणी, सगळं तीच पाहते. लेकीला सातवा महिना, सासर महानदीपलीकडे, भेटून यायचं आहे. घरच्या गावठी कोंबड्या तिनं लेकीसाठीच वाढवल्या. आमच्या पांढऱ्या कोंबड्यांना हसते. "इन मन म का ताकत हे मैडम, रुई भरे हे." यांच्यात कसली ताकद, कापूस भरलाय म्हणे. पुढच्या आठवड्यात जा म्हटलं.

२० जाने.
शेडमागच्या रस्त्यावर मोठा पोल्ट्री फार्म आहे. तिथं मर लागली. मले तपासायला बोलावलं तेव्हा ढीग लागून गेले होते. तुरे निळे, डोळे सुजलेले, पायांवर रक्ताचे ठिपके. मालक म्हणे, "ठंड लगी है मैडम." किती दिवसांपासून म्हटलं तर चहा मागवतो म्हणाला.
नमुने भोपाळच्या लॅबला. घरी येऊन कपडे बाहेरच काढले. आई दारातून, "काय झालं वं?" काही नाही म्हटलं.
झोप नाही.

२३ जाने.
रिपोर्ट आला. बर्ड फ्लूच.
बैठक. नकाशावर फार्मभोवती गोल. एक किलोमीटरच्या आतला प्रत्येक पक्षी मारायचा, घरचा असो की फार्मचा. आमची शेड गोलाच्या आत. फुलबासनचं गाव पण.
म्हटलं, शेड बंद आहे, जाळी आहे, एकही आजारी नाही. मोठे साहेब शांतपणे म्हणाले, "मैडम, नियम तो आप ही लोग पढ़ाते हो." पढवतेच. दरवर्षी. मुलांना सांगते की इथं अपवाद केला की पुढचं गाव गेलं.
मी खाली बसली. चहा गार.

२४ जाने.
डॉ. ता.चा फोन. आधी गोड. मग सरळ बोलले. मारल्याबरोबर पाय कापून फॉर्मेलिनमध्ये टाक, ताकद नाही मोजता आली तरी नस चिकटली की नाही ते दिसेल, त्यात व्हायरस जगत नाही, तुलाही माहीत आहे. माहीत आहे. पण फॉर्मेलिनमध्ये पडेपर्यंतचं काय? गरम रक्त, उडणारी पिसं, पाय धरणारा हात. मी एकटी कापणार नाही. धरणार फुलबासनच. आणि मेलेल्या पक्ष्याला चीर द्यायची नाही, जसाच्या तसा खड्ड्यात, असा हुकूम आहे.
नाही म्हटलं.
"ये तेरे भाई का हाथ है, सोच ले."
फोन मीच ठेवला. मग बराच वेळ हातात धरून बसली, परत लावू का म्हणून.

२५ जाने.
केलं. टीमला म्हटलं, या माझ्या आहेत, मी करते. किट, चष्मा, डबल हातमोजे. मले ओळखलं नाही त्यांनी. रोज दार उघडलं की अंगावर येतात, आज सगळ्या कोपऱ्यात.
मान धरून ओढायची, एक झटका. हे हातांना येते, विचार करावा लागत नाही. हिरव्या कड्याची जेलवाली होती, तिनं शेवटपर्यंत माझं बोट आवळून धरलं होतं. मोज्यातून कळत होतं. इतकी चांगली पकड. मेल्यावर बोटं सोडवावी लागली.
खड्डा, चुना, माती. फुलबासनला आत येऊ दिलं नाही. ती दूर रस्त्यावर उभी होती, पदर तोंडावर.

२६ जाने.
फुलबासनच्या गावात. शाळेत झेंडावंदन, भोंग्यावर गाणी, आणि आम्ही पांढऱ्या किटमध्ये घरोघर. लेकरं आधी मागे लागली, मग पळाली. एका म्हातारीनं कोंबडा स्वतः आणून दिला, वरून पाणी विचारलं. एकीनं शिव्या दिल्या. शिव्या बऱ्या वाटल्या.
फुलबासनचं खुराडं रिकामं. "खा डारेन मैडम." इतक्या कोंबड्या खाल्ल्या? कधी? अंगणात एक पीस नाही. ती माझ्याकडे न पाहता झाडून राहिली होती. टीम थकलेली, मीही. पुढच्या घरी गेलो.

२८ जाने.
प्रशांतला सांगितलं. पेपरात आलं होतं, त्याला कळलंच होतं.
"सब गाड़ दिए?"
"हो."
"एक भी नहीं रखी?"
"नाही ठेवता येत रे."
"मग माह्या हाताचं?"
मराठीत विचारलं. बाहेर शिकला तेव्हापासून तो हिंदीतच उत्तर देतो, लागलं-खुपलं की मराठी.
"ताम्रकार सर म्हणे पाय तर ठेवता आले असते. तुनं नाही म्हटलं. काहून?"
म्हणजे त्यांनी याला फोन केला. माझ्या भावाला. मी ताट बाजूला सरकवलं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "ती मेलेल्यायच्या मधून जीव घेऊन आली, तिले जेवू तर दे!" तो उठून गेला. जेवण मलाही गेलं नाही.

३१ जाने.
शेड रिकामी, तरी फुलबासन आली. झाडलेलंच परत झाडलं. मग पायरीवर बसली. मी कपात चहा दिला, तो हातातच धरून सांगितलं.
रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी तिनं कोंबड्या पोत्यात भरून लेकीकडे नेल्या होत्या. बसनं, महानदीपलीकडे. तिथं एक मेली. दुसरी मान टाकून बसली, तर मरायच्या आधी कापू म्हणून लेकीनं कापली, साफ केली, रांधली. आता लेकीला ताप. खोकला.
"कोनो ल झन बताहू मैडम. ससुरार वाले निकाल दिही."
कोणाला सांगू नका म्हणे, सासरचे हाकलून देतील. पाया पडायला लागली. तिला उठवलं. आणि तिच्यासमोरच मोठ्या साहेबांना फोन लावला. दुसऱ्या खोलीत जाऊन लावता आला असता. पण मग तिला वाटलं असतं की मी गप्प आहे.
तिनं कप खाली ठेवला आणि गेली.

१ फेब्रुवारी
लेकीच्या गावी. फुलबासन आधीच पोचलेली. मेलेल्या कोंबडीचा, खुराड्याचा नमुना घेतला. फुलबासनच्या उरलेल्या कोंबड्या तिथल्या कोंबड्यांत मिसळून चरत होत्या, कोणत्या कोणाच्या कळेना. गावात बोंब. सासू अंगणात उभी राहून, "तोर दाई ह जहर लाने हे!" तुझ्या आईनं विष आणलं. कोणी एकानं फुलबासनकडे ढेकूळ फेकलं, ते माझ्या गाडीला लागलं.
लेक, रामेश्वरी, खाटेवर. पोट घेऊन बसलेली. श्वास भराभर. मास्क लावून मी जवळ गेली तर म्हणाली, "मैडम, अंडा भी नहीं खाना था क्या?" एवढंच विचारलं तिनं. चांगलं शिजवलेलं अंडं चालते म्हटलं. कापताना, धुताना लागते ते. पण आता सांगून काय.
अँब्युलन्सनं रायपूरला आणलं. घशातला नमुना पुढे पाठवला. तिला गोळ्या सुरू, आम्हालाही. आईला म्हटलं आठवडाभर माझ्या खोलीत येऊ नको. ताट दाराशी ठेवते, आणि तिथंच बसून राहते.

४ फेब्रु.
दारापलीकडून प्रशांत. चिकटलेली नस सोडवायचं ऑपरेशन जुन्याच पद्धतीनं करून घेतो म्हणे. जेल नाही. ताम्रकारांनी साफ सांगितलं, परत चिकटण्याची भीती तेवढीच.
"थांब ना थोडं," म्हटलं. "परवानगी मिळाली की नव्या कोंबड्या आणू."
"कितीक थांबू ताई? प्लांटवाले रुकेंगे क्या?"
मग थोड्या वेळानं, "तू बरी आहेस ना? बुखार-वुखार?"
नाही म्हटलं. तो तिथंच उभा होता, दाराखालून पाय दिसत होते.

५ फेब्रु.
लेकीच्या गावातल्या कोंबडीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. तिथंही गोल काढला. उद्या टीम जाणार. मले बसवून ठेवलं आहे, बरंच आहे. त्या अंगणात परत जायची हिंमत नाही.
रामेश्वरीचा रिपोर्ट नाही आला. ऑक्सिजन वाढवला.

९ फेब्रु.
माझा आठवडा संपला, ताप नाही. आधी रामेश्वरीला पाहायला दवाखान्यात गेली. बाळाची धडधड आहे. तिची छाती खराब. श्वासाचं मशीन लावायचं का ते संध्याकाळी ठरवणार, आणि बाळ आत्ताच काढायचं का तेही. रिपोर्ट? "कल परसों." कालही कल परसोंच होतं.
फुलबासन बाहेर, नळाजवळच्या भिंतीला टेकून. सासरचं कोणी नाही. जवळ बसली मी. तिच्या पायाला चप्पल नव्हती. मी उठायला लागली तेव्हा म्हणाली,
"तुमन नइ बताय रहितेव, त मोर नोनी ल कोनो देखे बर आतिस का?"
तुम्ही सांगितलं नसतं, तर माझ्या पोरीला कोणी पाहायला आलं असतं का?
ती मले शिव्या देऊन राहिली, की खरंच विचारून राहिली, आवाजावरून समजलं नाही. तोंडाकडे पाहायला पाहिजे होतं. आतून रामेश्वरीच्या नावाची हाक आली, आणि ती माझ्याआधी उठून पळाली.