रेमंडचा खांदा

मॉरिसव्हिल, ऑक्टोबर २००५

ती. बाबा,
तुम्हाला आणि आईला नमस्कार.

मी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे? सांगितलेले व्यायाम करते ना?

आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये सध्या रेमंड नावाचा बेसबॉलचा पिचर येतो. पिचर म्हणजे आपला बोलरच. एकोणिसाव्या वर्षीच त्याला थेट सर्वांत मोठ्या लीगमध्ये उतरवलं आणि त्याच वर्षी खांदा गेला. तेव्हापासून या संघातून त्या संघात, गावोगाव फिरतोय. आता तिशी उलटली. मुलीला उचलून घ्यायचं तरी डाव्या हातानं घेतो.

मी विचारलं, "तेव्हा दुखत नव्हतं?"

"दुखत होतं. पण डॅड इतके खूश होते, की सांगवेना."

देवदत्तची सतराव्या वर्षी रणजी संघात निवड झाली म्हणून तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत. मलाही आनंद झाला. पण बाबा, त्याचाही खांदा दुखतोय. मला फोनवर म्हणाला, "ताई, बाबांना सांगू नकोस."

तरी सांगते आहे. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू दिलं नसतं, म्हणून लिहिलं. त्याला रागावू नका. आधी डॉक्टरांकडे न्या.

तुमची,
हिमानी